छतावर ऊन भरपूर, मग तारांना काय अडचण?

गोदातीर
नमस्कार मंडळी. नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आणि आसपासच्या बंगल्यांवर गेल्या काही काळात बरीच सौर संयंत्रे बसली आहेत. सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळते म्हटल्यावर कुंपणावर बसलेल्यांनीही निर्णय घेऊन टाकला. यंदाच्या मार्चपासून मात्र एक विचित्र प्रकार दिसतो आहे. दुपारी साडेबारा ते अडीच या वेळेत, म्हणजे ऊन सर्वांत कडक असताना, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज ग्रिडला जोडणारे यंत्र) अधूनमधून आपणहून बंद पडतो, पडद्यावर ग्रिडचे व्होल्टेज जास्त असल्याचा संदेश येतो आणि काही मिनिटांनी तो पुन्हा सुरू होतो. संयंत्र बसवणारा लाइनकडे बोट दाखवतो, तर वीज कार्यालयातील मंडळी इन्व्हर्टरकडे. शेजारच्या एका गृहस्थांच्या नव्या अर्जावर तर या रोहित्रावर (डीपीवर) आता जागा शिल्लक नाही, असे उत्तर आले.

प्रश्न केवळ आमच्या इन्व्हर्टरचा असता तर धागा काढला नसता. जून 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, असे आपण अभिमानाने वाचले. आणि इकडे चार घरांची दुपारची वीज गल्लीतील तारांना पेलवत नाही. हे नेमके अडते कुठे, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

रोहित्र
मी अंबडमधील एका स्विचगिअर कारखान्यात काम करते, त्यामुळे या विषयाशी रोजचा संबंध आहे. आपल्या इन्व्हर्टरमध्ये बहुधा काहीच दोष नसावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांनुसार व्होल्टेज नाममात्र मूल्याच्या 110 टक्क्यांवर गेले, तर अशा संयंत्राने दोन सेकंदांच्या आत ग्रिडपासून वेगळे व्हायचे असते. 230 चे 110 टक्के म्हणजे 253 व्होल्ट.

आता आपल्या गल्लीतील डीपीवरची पाटी वाचून पाहा. तिच्यावर बहुधा 11,000/433 असे लिहिलेले असेल, म्हणजे 11,000 व्होल्ट आत आणि 433 व्होल्ट बाहेर. दोन फेजमधील 433 व्होल्टला 3 च्या वर्गमुळाने भागले की एका फेजला 250 व्होल्ट येतात. म्हणजे भार नसताना डीपीच्या बुडाशीच 250 व्होल्ट असतात, आणि हे मुद्दाम केलेले आहे. वीज डीपीकडून घराकडे जाणार, वाटेत व्होल्टेज पडत जाणार, तेव्हा शेवटच्या घरालाही पुरेसे मिळावे, असा तो जुना हिशेब आहे. छतावरची वीज उलट दिशेने ढकलायची असेल, तर घराकडचे व्होल्टेज डीपीपेक्षा थोडे जास्त असावे लागते. दुपारी गल्लीत कोणी फारसे वीज वापरत नसेल, तर 250 आणि 253 यांच्यामध्ये आपल्याला जागा उरते ती तीन व्होल्टची. जे घर डीपीपासून सर्वांत लांब आणि ज्याची सर्व्हिस वायर बारीक, त्याचा इन्व्हर्टर आधी बंद पडतो.

पंचवटीकर
रोहित्र ताई, म्हणजे आमच्या पिढीने आयुष्यभर कमी व्होल्टेजच्या तक्रारी केल्या, पंखा नुसताच गरगरतो आणि वारा लागत नाही म्हणून स्टॅबिलायझर विकत घेतले, आणि आता जास्त व्होल्टेजच्या तक्रारी करायच्या. वीज कार्यालयातील तक्रार नोंदवहीला तेवढाच बदल.

विनोद बाजूला ठेवून माझे मत मांडतो. ऊन दुपारी असते आणि दिवे संध्याकाळी लागतात. हा मूळ घोळ सुटत नाही तोवर कोळशाला नावे ठेवणे थांबवावे. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी अंधारात गेले, तेव्हा तिथे सौर वीजच जोरात होती.

एकलहरेकर
पंचवटीकर, मी औष्णिक केंद्रात नियंत्रण कक्षात नोकरी केली आहे, त्यामुळे कोळशाविषयी माझ्या मनात आकस असण्याचे कारण नाही. परंतु स्पेनचे उदाहरण आपण अर्धेच दिले आहे. स्पेन सरकारने जून 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मुख्य कारण सांगितले आहे ते व्होल्टेज अनियंत्रितपणे वाढत जाण्याचे. ते आवरण्याची जबाबदारी ज्या पारंपरिक केंद्रांवर होती, त्यांच्याकडूनही अपेक्षेइतके काम झाले नाही. सौर आणि पवन संयंत्रांना त्या वेळी व्होल्टेज सांभाळण्यात सक्रिय भाग घेण्याची मुभाच तिथल्या नियमांत नव्हती. व्होल्टेज वाढत गेले, संयंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक तुटत गेली, आणि जे तुटले त्याने उरलेल्यांचे व्होल्टेज आणखी वाढवले. गोदातीर यांच्या गच्चीवर जे घडते आहे, तेच तिथे फार मोठ्या प्रमाणावर आणि काही सेकंदांत घडले. तेव्हा दोष सूर्याचा की नियम लिहिणाऱ्यांचा, हे आपणच ठरवावे.

संध्याकाळचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि नियंत्रण कक्षात बसणाऱ्याला तो पुस्तकापेक्षा वेगळा दिसतो. आमच्या एकलहऱ्याला 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. हे संच बांधले गेले ते अहोरात्र जवळपास पूर्ण भाराने चालण्यासाठी. आता दुपारी सौर वीज आली की वरून निरोप येतो, भार उतरवा. 2023 च्या नियमांनुसार कोळशाच्या संचाला 55 टक्क्यांपर्यंत उतरता आले पाहिजे, म्हणजे आमचा संच साधारण 115 मेगावॉटवर. त्याहून खाली गेले की बॉयलरमधील ज्वाला अस्थिर होते, ती टिकवण्यासाठी तेल जाळावे लागते. पुढे सहा वाजता सूर्य उतरतो आणि शहराचे दिवे लागतात, तेव्हा हाच संच झपाट्याने वर न्यायचा. रोज असे तापवायचे आणि निववायचे म्हणजे नळ्यांच्या जोडांवर ताण येतो, गळती लागते आणि संच दुरुस्तीसाठी बाहेर काढावा लागतो. सौर विजेच्या स्वस्त दरात हा खर्च कोणी धरत नाही, कारण तो सौर प्रकल्पाच्या वहीत लिहिलाच जात नाही.

विद्यार्थी_के
सर, एक शंका आहे. जनित्राचे फिरते वजन ग्रिडला स्थिर ठेवते, असे आम्हाला शिकवले जाते. एकलहऱ्याचे संच उद्या बंद झाले, तर ते वजनही जाणार. त्याची भरपाई इन्व्हर्टर कशी करणार?

एकलहरेकर
चांगला प्रश्न. आमच्या टर्बाइनचा रोटर मिनिटाला 3000 फेरे घेतो. कुठे एखादे मोठे केंद्र अचानक तुटले, तर कोणी बटण दाबण्याच्या आधीच हे फिरणारे लोखंड आपल्यातील थोडी ऊर्जा ग्रिडला देऊन टाकते आणि वारंवारता (ग्रिडचा ताल, जो 50 हर्ट्झच्या आसपास राहायला हवा) घसरण्याचा वेग कमी होतो. त्या काही सेकंदांत बाकीची केंद्रे सावरून घेतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नाही, त्यामुळे ही उसंत मिळत नाही.

उपाय आहेत. जर्मनीत बिब्लिस येथील अणुकेंद्राचा एक संच बंद झाल्यावर त्याचे जनित्र टर्बाइनपासून सोडवून 2012 मध्ये नुसते ग्रिडवर फिरत ठेवण्यात आले. वीज तयार करायची नाही, फक्त वजन आणि व्होल्टेजचा आधार द्यायचा. दुसरा उपाय बॅटरीचा आहे. नव्या प्रकारचे इन्व्हर्टर ग्रिडच्या मागे चालण्याऐवजी स्वतः ताल धरू शकतात.

रोहित्र
यात जर्मनीचाच आणखी एक किस्सा जोडते, कारण तो इथे लागू पडतो. त्यांच्याकडे सुरुवातीच्या नियमांत वारंवारता 50.2 हर्ट्झवर गेली की सर्व छतांवरील इन्व्हर्टरनी तत्काळ बंद व्हावे, असे होते. छते थोडी होती तोवर कोणाचे काही बिघडले नाही. ती लाखोंनी झाल्यावर लक्षात आले की एका क्षणी देशभरातील सौर वीज एकदम नाहीशी होऊ शकते. मग 2012 मध्ये नियम बदलून, आधीच बसवलेल्या इन्व्हर्टरच्या सेटिंग घरोघरी जाऊन दुरुस्त कराव्या लागल्या. आपण आज जे लाखो इन्व्हर्टर बसवत आहोत, त्यांच्या सेटिंग तपासण्याची फिकीर आत्ताच केलेली बरी.

निफाडचा_बागाईतदार
शहरातल्या मंडळींनी छतावरून थोडे शेतात यावे. आमच्याकडे वर्षानुवर्षे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, अशी शेतीची वीज मिळत आली. जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता द्राक्षबागेला पाणी सोडायला जायचे, एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात काठी, कारण गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो ही काही दंतकथा नाही. आमचे फीडर (शेतीच्या वीजवाहिन्या) मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आल्यापासून वीज दिवसा मिळू लागली. आमच्यासाठी सौर वीज ग्रिडला जोडण्याचा अर्थ एवढा साधा आहे, आणि त्यावर कोणी वारंवारतेचे गणित मांडून नाक मुरडू नये.

अडचणी नाहीत असे मी म्हणत नाही. प्रत्येक मोटरीला ऑटो स्टार्टर बसवलेला आहे. सकाळी वीज आली की वाहिनीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उचलतात, व्होल्टेज कोसळते, आणि डीपीवरचा फ्यूज गेला की वायरमनची वाट पाहत बसायचे. सौर प्रकल्प उपकेंद्राजवळ बसवला म्हणून आमची डीपी काही मोठी झालेली नाही.

पंचवटीकर
दादा, ऑटो स्टार्टर लावू नका, असे तुम्हाला कितीदा तरी सांगून झाले असेल.

निफाडचा_बागाईतदार
सांगून झाले आहे. मी काढला तर माझी मोटर हाताने सुरू करेपर्यंत बाकीच्यांच्या मोटरी विहिरीतले पाणी उपसून मोकळ्या झालेल्या असतात, कारण खालचा झरा एकच आहे. आधी शेजाऱ्याचा काढून द्या, मग माझा काढतो.

रोहित्र
बागाईतदार दादांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्टार्टरमध्ये प्रत्येकाला वेगवेगळा विलंब लावता येतो, एकाची मोटर अर्ध्या मिनिटाने, दुसऱ्याची दीड मिनिटाने. उपाय स्वस्त आहे, फक्त गावाने एकत्र बसून ठरवावे लागते.

मला या योजनेचा एक गुण फार महत्त्वाचा वाटतो. प्रकल्प 33/11 केव्ही उपकेंद्राच्या जवळ, आणि वीज वापरली जाते त्याच उपकेंद्राच्या शेती वाहिन्यांवर, तीही दिवसा. लांबच्या पारेषण वाहिनीवर भार पडत नाही. राजस्थानात याच्या उलट चित्र आहे. सौर प्रकल्प दोन वर्षांच्या आत उभा राहतो, तर वीज बाहेर नेणाऱ्या उच्चदाब वाहिनीला जमीन, वनखात्याची परवानगी आणि माळढोकाचा अधिवास यांतून वाट काढत त्याहून बरीच अधिक वर्षे लागतात. त्यामुळे 2025 मध्ये तिथे तयार झालेली सौर वीज घेता येत नाही म्हणून दुपारी प्रकल्प कमी क्षमतेने चालवावे लागले. मात्र आपल्याकडेही पावसाळ्यात मोटरी बंद असतात, आणि मध्येच दोन-चार दिवस लख्ख ऊन पडले की हीच वीज उपकेंद्रातून वरच्या दिशेने वाहू लागते. तिथल्या संरक्षण रिलेच्या (बिघाड होताच वाहिनी तोडायला लावणाऱ्या उपकरणांच्या) सेटिंग उलट प्रवाह गृहीत धरून केलेल्या असाव्या लागतात.

विद्यार्थी_के
मग ग्रिडला न जोडलेले स्वतंत्र सौर पंप हा अधिक चांगला उपाय नाही का? त्यात ग्रिडचा प्रश्नच उरत नाही.

निफाडचा_बागाईतदार
जिथे वीज पोहोचलेलीच नाही तिथे तो उत्तम आहे, आणि शेतकऱ्याला 10 टक्के रक्कम भरून तो मिळतो, हेही खरे. परंतु पाण्याची गरज नसते तेव्हा पॅनेल नुसतेच ऊन खात उभे राहते, त्याची वीज कोणाच्याच कामी येत नाही. माझ्या भावाकडे तसा पंप आहे. छाटणीनंतर बागेला ताण दिलेला असतो, त्या दिवसांत पॅनेलखाली शेळ्या बसतात.

गिरणीवाली
मी सिडकोत पिठाची गिरणी चालवते आणि भाड्याच्या जागेत राहते. हा धागा सुरुवातीपासून वाचला. गोदातीर काका, राग मानू नका, परंतु एक स्पष्ट विचारते. आपण दुपारी ग्रिडमध्ये वीज टाकता आणि रात्री तेवढीच युनिट परत घेता, आणि बिल जवळपास शून्य येते. दुपारी वीज स्वस्त आणि मुबलक असते, रात्री महाग असते, हे एकलहरेकर काकांनी वर सांगितलेच आहे. मग या दोन किमतींतील फरक, आणि त्या तारा, डीपी, वायरमनचा पगार, हे सगळे कोण भरते? ज्याला स्वतःचे छत नाही, तो भरतो. म्हणजे मी भरते.

गोदातीर
ताई, राग कसला. परंतु आम्हीही लाखाच्या वर रक्कम गुंतवली आहे, आणि आमच्या छतावरची वीज शेजारच्याच घरात वापरली जात असल्याने लांबून वीज आणताना होणारी गळती वाचते, त्याचेही मोल धरायला हवे.

एकलहरेकर
दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे, असे म्हणून मी सुटका करून घेणार नाही. माझे मत गिरणीवाल्या ताईंच्या बाजूने आहे. दुपारी दिलेली युनिट रात्री तेवढीच परत घेण्याची ही नेट मीटरिंगची पद्धत सुरुवातीला लोकांनी पुढे यावे म्हणून दिलेली सवलत होती. ग्रिड ही फुकटची बॅटरी नव्हे. शेजाऱ्याने दुपारी वीज वापरली तर गळती वाचते, हे मान्य. परंतु आपलाच इन्व्हर्टर 253 व्होल्टवर बंद पडतो आहे, याचा अर्थ त्या वेळी शेजारी ती वीज वापरत नाही, असाच होतो.

वेळेनुसार दर हा यातला प्रामाणिक मार्ग आहे. केंद्राच्या 2023 च्या ग्राहक हक्क नियमांत सौर तासांतील दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी, आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांना किमान 1.2 पट, असे तत्त्व घातले आहे. गिरणी दुपारी चालवता येते. आमच्या पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या शीतगृहांना तर हे सहज जमण्यासारखे आहे. माल आला की प्रीकूलिंगमध्ये तो चार अंशांच्या आसपास उतरवायचा असतो आणि पुढे शून्याजवळ ठेवायचा असतो. कॉम्प्रेसर दुपारी जोरात चालवून खोली थोडी जास्त थंड करून ठेवली आणि संध्याकाळी सहा ते दहा दम धरला, तर भिंतींचे चांगले उष्णतारोधन असलेल्या शीतगृहात तापमान फारसे हलत नाही. बॅटरीला जो पैसा लागतो तो इथे लागत नाही. अर्थात द्राक्षमणी गोठू न देण्याची काळजी घ्यावी लागते, हे बागाईतदार मला सांगतीलच.

निफाडचा_बागाईतदार
सांगतो. अर्ध्या अंशाची चूक झाली तरी युरोपला जाणारा कंटेनर परत येतो. दर कमी मिळणार असेल तर प्रयोग करू, परंतु नुसत्या देशसेवेसाठी कोणी करणार नाही.

घाटमाथा
बॅटरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या इगतपुरी-भंडारदऱ्यापलीकडे घाटघर येथे 250 मेगावॉटची बॅटरी 2008 पासून आहे, फक्त ती पाण्याची आहे. वर घाटघरचे धरण, खाली कोकणाच्या अंगाला चोंढ्याचे धरण, आणि मधे डोंगराच्या पोटात 125 मेगावॉटचे दोन संच. वीज नको असते तेव्हा पाणी वर चढवायचे, हवी असते तेव्हा खाली सोडायचे. कड्यावरून खालचा जलाशय दिसतो, परंतु वीजगृह कुठेच दिसत नाही. माझा भाबडा प्रश्न असा की, सह्याद्रीचा एवढा कडा असताना असे आणखी प्रकल्प का नाहीत?

एकलहरेकर
कारण कडा असून भागत नाही. वर आणि खाली दोन्हीकडे जलाशयाला जागा लागते, ती बहुतेक ठिकाणी वनक्षेत्रात आणि आदिवासी वस्त्यांच्या जमिनीत येते. शिवाय चार युनिट वर चढवायला खर्च केली तर साधारण तीनच परत मिळतात. तरीही संध्याकाळच्या चार-पाच तासांसाठी यासारखे साधन नाही. घाटघरची कल्पना रात्रीच्या कोळशाच्या फाजील विजेसाठी होती. आता दुपारच्या सौर विजेवर पाणी चढवणे अधिक शहाणपणाचे.

जलविद्युत किती चपळ असते हे पाहायचे असेल तर 5 एप्रिल 2020 ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन होते. देशाची मागणी 31,000 मेगावॉटहून अधिक घसरली, जलविद्युत निर्मिती काही मिनिटांत 17,000 मेगावॉटहून अधिक खाली आणून पुन्हा वर नेली, आणि वारंवारता 49.70 ते 50.26 हर्ट्झच्या दरम्यान राहिली. आपल्याकडे कोयनेचे सुमारे 1,960 मेगावॉट याच कामाचे आहेत, परंतु पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पाण्याची मर्यादा घातली आहे. म्हणून ते पाणी दुपारी वाया न घालवता संध्याकाळसाठी राखून ठेवायचे, एवढे शहाणपण तरी सौर विजेमुळे शक्य झाले आहे.

पंचवटीकर
एवढे सगळे वाचून माझे कोळशाविषयीचे मत बदललेले नाही, परंतु चिडचिड थोडी कमी झाली आहे. गोदातीर यांच्या इन्व्हर्टरचे पुढे काय झाले, ते कोणीच विचारत नाही.

गोदातीर
विचारल्याबद्दल आभार. रोहित्र ताईंनी सांगितल्यावर डीपीची पाटी वाचली, 11,000/433 च आहे. नंतर गल्लीतील कोणाचे संयंत्र कोणत्या फेजवर आहे, याची यादी वायरमनला सोबत घेऊन केली. तेव्हा दिसले की एक-फेजची बहुतेक संयंत्रे एकाच फेजवर आली आहेत, कारण ज्याने ती बसवली त्याने खांबावरचा जवळचा फेज घेतला. बाकीच्या दोन फेजवर दुपारी व्होल्टेज 246 च्या पुढे जात नाही. फेज वाटून देण्याचा लेखी अर्ज यादीसह दिला आहे.

तोवर सोसायटीचा पाण्याचा पंप, जो सवयीने सकाळी सहाला चालायचा, तो दुपारी एक वाजता लावायला सुरुवात केली. महापालिकेचे पाणी सकाळी तळटाकीत येतेच, गच्चीवरच्या टाकीत ते दुपारी चढवले तरी कोणाचे अडत नाही. पंप चालू असताना आमच्या फेजचे व्होल्टेज दोन-तीन व्होल्ट खाली राहते आणि इन्व्हर्टर बंद पडत नाही.

रोहित्र
टाकी भरली की काय होते?

गोदातीर
टाकी पाऊण तासात भरते, आणि पुढे पुन्हा 254.

रोहित्र
तर मग अर्जाची पोच जपून ठेवा, आणि फेज बदलताना केवळ संयंत्रांची संख्या मोजून वाटणी करू देऊ नका. डीपीपासून लांब असलेली घरे एकाच फेजवर राहिली, तर तेवढ्यावर भागणार नाही. नव्या अर्जदार शेजाऱ्यांना 5 किलोवॉट घ्यायचे असेल, तर त्यांना तीन-फेजचा इन्व्हर्टर घेण्यास सांगा. थोडा महाग पडतो, परंतु उलट येणारा प्रवाह तिन्ही फेजमध्ये विभागला जातो, आणि जागा नाही या उत्तराचा फेरविचार मागायला हातात मुद्दा राहतो.

गिरणीवाली
आणि दुपारी गल्लीत विजेला गिऱ्हाईक हवे असेल, तर दळण दुपारी आणून द्या.